कापून टाकलेली उजवी बाजू

६ जानेवारी

डॉक्टरीणबाईंस,

वर काय लिहायचं या विचारातच चहा गार झाला. ‘चि.’ लिहावं तर तू म्हणशील, आता कसली चिरंजीव. ‘सौ.’ लिहायची सोय तुम्ही दोघांनी ठेवली नाहीत. आणि ‘प्रिय’ असलं काही लिहायची आपल्या घरात पद्धत नाही. म्हणून डॉक्टरीणबाई. गोड मानून घे.

हो, मीच. तुझी पूर्वीची सासू. कोंबड्याचे पाय म्हणायचीस ना माझ्या अक्षराला, मग पाकिटावरच ओळखलं असशील. हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरचा पत्ता तू दिला नाहीस आणि फोन तू उचलत नाहीस. माझ्या मुलाला सोडलंस, ते तुमचं तुम्ही बघून घेतलंत, मी त्यात अवाक्षर काढलं नाही. पण मला का सोडलंस गं? मी काय घोडं मारलं होतं तुझं? हे आज विचारायचं नव्हतं. पेन हातात आलं की माझं असं होतं.

काम आहे म्हणून लिहितेय. माझ्याकडे गाडी शिकायला एक बाई येते. वयानं माझ्याएवढीच, तोंडानं फटकळ, पण मनानं चांगली. तिला बरेच महिने खोकला आहे. दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. तिच्या छातीचा फोटो काढला तर डाव्या फुप्फुसाच्या देठाशी गाठ निघाली. देठ म्हणजे जिथून श्वासनळी आणि रक्तवाहिन्या फुप्फुसात शिरतात ती जागा, असं तिच्या डॉक्टरांनी तिला समजावलं. गाठ अगदी तिथेच बसल्यामुळे नुसती गाठ काढता येत नाही म्हणे, सगळं डावं फुप्फुसच काढावं लागेल.

तिला दुसऱ्या कुणाचं मत हवंय. मी म्हटलं, माझ्या ओळखीची एक आहे, ती अंधाऱ्या खोलीत बसून सावल्या बघते आणि माणसाच्या आत काय चाललंय ते सांगते. तिच्यासारखी दुसरी मी पाहिली नाही. हे मी खरंच म्हटलं, तुला खूश करायला लिहीत नाहीये.

एक्स-रेची फिल्म सोबत आहे. त्या बाईचं नाव दिसू नये म्हणून थोडी कापली आहे. तिचा खाजगी मामला आहे.

गाडी शिकवायची शाळा चालू आहे. सध्या एक रिटायर झालेले काका येतात. समोर कबुतर दिसलं तरी गाडी थांबवतात आणि ते उडून जाईपर्यंत त्याची माफी मागतात.

उत्तर दे. नाही दिलंस तरी फिल्म परत पाठव.

— मॅडम

(घरी आई म्हणायचीस आणि गाडीत मॅडम. आता घर राहिलं नाही, तर मॅडम चालेल.)


१९ जानेवारी

पोरी,

तुझं कार्ड आलं. तीन वर्षांनी लिहितेस आणि चार ओळी लिहितेस! पण कसल्या ओळी गं. दारातच वाचलं आणि तिथल्या तिथे पायरीवर बसले. समोरची शेजारीण विचारायला आली, काही वाईट बातमी आहे का म्हणून. मी मान हलवली. हो की नाही, ते तिला कळलं नसणार, मलाही कळलं नव्हतं.

‘तुमच्या विद्यार्थिनीच्या गळ्याजवळचं डावं हाड मोडून जुळलेलं आहे. ते मीच मोडलं होतं, आई. अर्धी फिल्म का पाठवलीत? उजवी बाजू कुठे आहे? सीटी स्कॅनची डिस्क पाठवा, सगळी.’

चोरी पकडलीस. कात्रीनं नाव कापलं, पण त्या हाडावर तुझी सही आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. किती वर्षं झाली त्याला! बँकेमागची ती गल्ली, तुझा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर, आणि समोर भिंत. शिकवणाऱ्यासाठी असतो तो माझ्या पायाखालचा जादा ब्रेक मी दाबला, पण उशिरा. भिंतीला काही झालं नाही. तू मात्र मला दवाखान्यात नेऊन अशी रडत होतीस की डॉक्टर आधी तुलाच तपासायला लागले.

असो. मीच आहे ती फटकळ बाई.

अर्धी फिल्म का, तर ऐक आणि हस. नाव कोपऱ्यात छापलेलं होतं, आणि तो कोपरा उजव्या फुप्फुसाच्या बाजूला होता. आधी नुसता कोपरा कापला. मग वाटलं, अर्धवट कातरलेली फिल्म बघून तू खोदून विचारशील. म्हणून सरळ उभी कापली. म्हटलं आजार डावीकडे आहे, उजवीकडचं हिला काय करायचंय? चांगल्या फुप्फुसाचा फोटो पाठवायचा म्हणजे उगाच टपालाला भार. कापलेला तुकडा केराच्या टोपलीतून काढून पुसून पाकिटात घातलाय. त्याला थोडा कांद्याचा वास येईल. डिस्कही ठेवली आहे, सगळी.

आता खरं सांगते. खोकला पावसाळ्यापासून आहे. धूळ, पेट्रोल, शिकणाऱ्यांवर ओरडणं, असं म्हणत मीच तो टाळला. मग एक दिवस काकांना गाडी मागे घ्यायला शिकवत होते, खोकले, आणि रुमालावर रक्त आलं. काकांनी ते बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा न विचारता, न थांबता, सरळ हॉस्पिटलपर्यंत गाडी चालवली. कबुतरंसुद्धा बाजूला झाली. माझा ब्रेकवरचा पाय एकदाही दाबावा लागला नाही, पण उचललाही नाही. तुला माहीत आहे माझी सवय.

तपासणीत गाठ हळू वाढणारी निघाली. सर्जन म्हणाले, त्यातल्या त्यात नशीब. भला माणूस आहे. इतका उंच की दारातून येताना वाकतो, मी त्यांना उंच डॉक्टर म्हणते. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला ऑपरेशन ठरलं आहे. एका फुप्फुसावर माणूस व्यवस्थित जगतो असं ते म्हणाले, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. मग तुला का विचारतेय? कारण रात्री उठून ऑपरेशनचा कागद पुन्हा वाचते गं. विश्वास असला तरी वाचते.

आणि एक. चिरंजीवांना काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. हॉस्पिटलचं नाव काढलं की त्याचे हातपाय गळतात. लहानपणी गुडघ्याला मलम लावायचं तरी दोघांनी धरावं लागायचं. सांगेन सवडीनं.

— आई

(तूच लिहिलंस कार्डात, म्हणून.)


२ फेब्रुवारी

पोरी,

काल उंच डॉक्टरांनी बोलावलं. मला वाटलं, भूल देण्याआधीच्या सूचना असतील. आत गेले तर त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून ठेवलेला. म्हणाले, ‘‘बसा. तुमच्या सुनेचा फोन आला होता.’’

‘‘पूर्वीच्या,’’ मी म्हटलं.

‘‘त्या फोनवर ‘माझ्या सासूबाई’ म्हणाल्या,’’ ते म्हणाले.

 मी खोकला आला असं दाखवलं.

मग त्यांनी मला सगळं दाखवलं. तू जे शोधून काढलंस ते. मला जसं समजलं तसं लिहिते, चुकलं तर दुरुस्त कर. फुप्फुसातून शुद्ध झालेलं रक्त काही शिरांमधून हृदयाच्या डाव्या खोलीत येतं आणि तिथून सगळ्या अंगभर जातं. माझ्या उजव्या फुप्फुसाची वरची शीर मात्र जन्मापासूनच चुकीच्या गल्लीत शिरलेली आहे. ती रक्त डावीकडे नेण्याऐवजी अशुद्ध रक्ताच्या मोठ्या नसेत नेऊन सोडते. म्हणजे तेवढं रक्त शुद्ध होतं, परत उजव्या बाजूला येतं, परत फुप्फुसात जातं. चौकात नवा शिकाऊ गोल गोल फिरत राहतो ना, तसं. आजवर मला कळलं नाही, कारण डावं फुप्फुस निमूटपणे सगळा कारभार सांभाळत होतं. तेच काढून टाकलं असतं तर सगळं रक्त उजवीकडे आलं असतं, त्यातलं बरंचसं गोल फिरत राहिलं असतं, आणि हृदयाच्या उजव्या बाजूनं काही दिवसांत हात टेकले असते.

उंच डॉक्टरांनी स्क्रीनवरच्या त्या शिरेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, ‘‘आम्ही सगळे गाठीकडे बघत होतो. ही शीर पहिल्या फोटोपासून इथेच होती. त्यांना माझा नमस्कार कळवा.’’ अजिबात राग नाही, कसनुसं हसणं नाही. एवढा मोठा माणूस सरळ म्हणाला, मी बघितलं नाही. त्यांच्याबद्दलही माझा आदर वाढला, हे तुला सांगून ठेवते.

ऑपरेशन पुढे गेलं. आता हृदयाचे एक सर्जन त्यांच्याबरोबर असतील. आधी ती शीर कापून योग्य खोलीला जोडायची, ती नीट चालतेय ना ते बघायचं, आणि मगच डाव्या फुप्फुसाला हात लावायचा. सोपं नाही. त्यांनी लपवलं नाही, मीही तुझ्यापासून लपवत नाही. टेबलावरून उठेन की नाही हे नक्की सांगता येत नाही. पण आधी ठरलं होतं तसं झालं असतं, तर न उठण्याची जवळजवळ खात्री होती.

घरी आले आणि तुझं दुसरं पत्र दारात पडलेलं. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं ना, आजार डावीकडे असताना उजवीकडचं हिला काय करायचंय? त्यावर तू लिहिलंस, ‘तुम्हीच शिकवलंत.’

खरंच की गं. प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी हेच सांगते आणि कुणी ऐकत नाही. जिकडे वळायचंय तिकडे सगळेच बघतात, डोळे आपोआप जातात. तू आधी दुसरीकडे बघ. जिथून काही येणार नाही अशी खात्री आहे, तिथे आधी बघ. भिंतीच्या दुसऱ्या दिवशी, हात गळ्यात बांधून मी तुझ्या शेजारी बसले, तेव्हा हेच सांगितलं होतं. घरात सगळे म्हणत होते, बास आता, हिला गाडी जमायची नाही. चिरंजीव तर म्हणाला, आई, तुझं दुसरं हाड शिल्लक आहे म्हणून जातेस का? पण तू त्या दिवशी वळणावर आधी दुसरीकडे बघितलंस. घाबरलेली होतीस, घामानं स्टिअरिंग निसटत होतं, तरी बघितलंस. मला तेव्हाच कळलं, ही पोर कुठल्या कुठे जाणार.

तेव्हा बोलले नाही. शिकवताना कौतुक केलं की शिकणारे सैल होतात अशी माझी समजूत. आज सांगते. मला तुझा फार अभिमान वाटतो. माझ्या शेजारी इतकी माणसं बसली, त्यात तुझ्यासारखी तूच.

— आई


१४ फेब्रुवारी

पोरी,

‘मुलाला सांगाच’ या तुझ्या हट्टापुढे हात टेकले. सांगितलं त्याला. पण माझी पद्धत चुकली. गाडीत सांगितलं. तो चालवत होता, मी शेजारी, म्हटलं इथे तरी त्याला पळता यायचं नाही. सिग्नल लाल होता तेव्हा सुरुवात केली आणि हिरवा झाला तेव्हा शिरेपर्यंत आले होते. गाडी बंद पडली. मागे सगळे हॉर्न वाजवतायत आणि हा स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडतोय. एक मोटारसायकलवाला काचेवर टकटक करून ओरडला, ‘‘काका, जायचं नसेल तर बाजूला घ्या!’’ चिरंजीवांना पहिल्यांदाच कुणीतरी काका म्हटलं, त्याचाही धक्का बसला असणार.

मग म्हणाला, ‘‘तिला आधी कळवलंस? मला नाही?’’

मी म्हटलं, ‘‘तुला सावल्या वाचता येतात का?’’

त्यानं गाडी सुरू करून बाजूला घेतली. थोड्या वेळानं म्हणाला, ‘‘ती फार हुशार आहे, आई.’’ तुमचं का मोडलं ते मी आजही विचारत नाही. पण हे वाक्य त्यानं मनापासून म्हटलं, म्हणून तुझ्यापर्यंत पोचवते. पुढे तुला त्याचं काय करायचं ते कर. काहीच नाही केलंस तरी चालेल.

आता तो रोज येतो. भाजी जाड चिरतो, औषधं वेळेवर देतो, आणि माझा श्वास चालू आहे ना ते बघायला दाराशी उभा राहतो. मला वाटतं मी झोपलेय असं त्याला वाटतं. मी डोळे बारीक करून त्यालाच बघत असते.

शिकवणं बंद केलं आहे. काका परीक्षा पास झाले. पेढे ठेवून गेले नाहीत, फुलं ठेवून गेले, आणि चिठ्ठी, ‘मॅडम, तुम्ही बऱ्या व्हा, मला हायवे शिकायचा आहे.’ कबुतराला घाबरणारा माणूस आणि हायवे! पण मी शिकवणार आहे. मला शिकवायचंच आहे. हे सगळं टळावं, मी परत त्या सीटवर बसावं, असं मला फार वाटतं गं. मरणाची भीती वाटत नाही असं म्हणणाऱ्या बायका असतात, त्यांच्यातली मी नाही. मला वाटते.

ऑपरेशन पुढच्या सोमवारी. तू ये असं मी म्हणत नाहीये. तुझं काम आहे, तुझं घर आहे, आणि इथे येणं तुला सोपं नाही हे मला कळतं. मी फक्त वार सांगितला.

— आई


२४ मार्च

पोरी,

तुझ्या हातात हे पडेल तेव्हा तू पुन्हा तुझ्या अंधाऱ्या खोलीत बसलेली असशील. मी खिडकीशी बसून लिहितेय. एक जिना चढले की थांबावं लागतं, दुसरा चढायची परवानगी अजून नाही. खोकला गेला. तो गेल्यावर कळलं, मी किती हळू आवाजात बोलायला लागले होते. काल शेजारणीला हाक मारली तर ती दचकून बाहेर आली.

तपासायला गेले होते. शीर आपल्या जागी छान चालतेय. उंच डॉक्टर म्हणाले, उजवं फुप्फुस शहाण्यासारखं काम करतंय. मी म्हटलं, त्याला इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. ते इतके हसले की डोकं दाराला लागलं.

तू आलीस त्याबद्दल मी काही लिहिणार नव्हते. तुला आभार आवडत नाहीत. पण दोन गोष्टी तुला माहीत नाहीत, त्या सांगायलाच हव्यात.

पहिली. शुद्धीवर आले तेव्हा डोळे उघडण्याआधी तुमचे दोघांचे आवाज ऐकले. तू त्याला रक्तवाहिन्या समजावत होतीस आणि तो ‘हं, हं’ करत होता, दोन परक्या माणसांनी बोलावं तसे दोघं नीट, जपून. मग तू म्हणालीस, ‘‘मी फोन उचलत नव्हते, कारण आईंचा आवाज ऐकला असता तर परत आले असते. आणि मला परत यायचं नव्हतं.’’ मी डोळे मिटूनच ठेवले. तुला वाटलं मी भुलीत आहे. माझ्या पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, पोरी. बास झालं. आता त्यावर पुन्हा बोलायचं नाही.

दुसरी. घरी आणायचं होतं त्या दिवशी चिरंजीव म्हणाला, टॅक्सी बोलावतो, आणि तू म्हणालीस, शाळेची गाडी कुठे आहे? ती खाली आणलीस. माझ्या छातीशी उशी धरून मला पुढे बसवलंस, माझ्याच सीटवर, जिथे पायाखाली माझा ब्रेक आहे. पट्टा उशीवरून घेतलास आणि म्हणालीस, ‘‘आई, सांभाळून बसा. खड्डे आहेत, पण मी सावकाश नेते.’’

तू रस्त्याकडे बघत होतीस, जसं बघायला हवं तसं. चौकाआधी तुझी मान आधी दुसरीकडे वळत होती, प्रत्येक वेळी. बँकेमागच्या त्या गल्लीतून नेलंस. मुद्दाम नेलंस ना? भिंत आहे तिथेच आहे, नवीन रंग दिलाय. तू तिच्याकडे बघून हसलीस आणि मला वाटलं, आता माझ्याकडे बघशील, पण तू रस्ता सोडला नाहीस.

त्या सीटवर मी ज्या दिवसापासून बसतेय, त्या दिवसापासून माझा पाय त्या ब्रेकवर असतो. काकांबरोबर होता, चिरंजीव आजही चालवतो तेव्हा असतो. तुला परवाना मिळाल्यावरही, तू मला फिरवायला न्यायचीस तेव्हाही होता. तुला वाटायचं मी आरामात बसलेय. नव्हते.

घरी येताना, तू हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर वळलीस तेव्हा मी चपला काढल्या. सीटखाली ढकलून दिल्या आणि दोन्ही पाय मागे ओढून घेतले, ब्रेकपासून लांब. ती गल्ली मागे पडल्यावर डोकं मागे टेकलं. तू चिरंजीवाला म्हणालीस ना (त्यानंच मागून मला सांगितलं), ‘‘आईंना ग्लानी आलीय बहुतेक, औषधांनी’’?

ग्लानी नव्हती गं. मला झोप लागली होती.

— आई